पिवळ्या पाण्याच्या मागे

निवृत्त होऊन मी आता घरी बसले आहे, असं लोक म्हणतात. बसले आहे हे साफ खोटं. मला बसता येत नाही. नोकरीतही येत नव्हतं. आमचं मशीन एकेका नमुन्यावर तासन्‌तास घालवायचं आणि तेवढा वेळ मी व्हरांड्यात येरझाऱ्या घालायची. "पायाला भिंगरी, आणि काम निवडलंत ते वाट बघायचं!" असं आमचे प्रमुख बर्वे सर म्हणायचे. संपादकबाईंनी दिवाळी अंकासाठी प्रयोगशाळेतले अनुभव मागितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. सध्या एका गोष्टीनं डोकं इतकं व्यापलं आहे की दुसरं काही सुचत नाही, असंही सांगितलं. "मग तेच लिहा," बाई म्हणाल्या.

तर तेच लिहिते. पण आधी धंदा समजावून सांगावा लागेल. तीसेक वर्षं करूनही माझ्या सासूबाईंना तो समजला नव्हता. सिकंदराबादेजवळच्या नल्लकुंट्यातल्या आमच्या गल्लीत माझी ओळख 'खून तपासनेवाली मॅडम' अशी. कुणी साखरेचा रिपोर्ट घेऊन यायचं, कुणी थायरॉइडचा. मला त्यातलं फारसं कळत नाही म्हटलं की चेहरे असे व्हायचे, जणू मी ताकाला जाऊन भांडं लपवते आहे.

रक्त नळीत घेऊन तसंच ठेवलं की गोठतं. मग ती नळी यंत्रात गरगर फिरवायची. गोठलेला लाल गोळा तळाला बसतो आणि वर पिवळसर पाणी राहतं. ते सीरम. त्या पाण्यात असंख्य प्रकारची प्रथिनं असतात. शरीरात कुठे काही बिनसलं की त्यातलं एखादं वाढतं, एखादं घटतं. आजार अंगावर दिसायच्या आधी या पाण्यात त्याची चाहूल लागली तर किती जीव वाचतील, या आशेवर आमचा सगळा उद्योग चालतो. असं चाहूल देणारं प्रथिन सापडलं तर त्याला मार्कर म्हणायचं, म्हणजे आजाराची खूण.

अडचण अशी की त्या पाण्यात अर्ध्याहून जास्त प्रथिन एकाच जातीचं असतं. लग्नाच्या मांडवात सगळे वऱ्हाडी एकाच घराण्यातले, आणि त्यांच्या गर्दीत शिरलेला पाकीटमार तुम्हाला हुडकायचा आहे. म्हणून आधी ते घराणं बाहेर काढायचं, उरलेल्या प्रथिनांचे तुकडे करायचे आणि मशीनकडून त्या तुकड्यांची वजनं करून घ्यायची. वजनावरून तुकडा कुणाचा ते ओळखायचं. मग आजारी माणसांचं पाणी आणि निरोगी माणसांचं पाणी शेजारी शेजारी ठेवून विचारायचं, फरक कुठे आहे? ऐकायला सोपं वाटतं. फरक ढीगभर सापडतात. कुठला फरक आजाराचा आणि कुठला आपल्याच कर्माचा, हे ओळखता ओळखता केस पांढरे होतात.

एकदा एका खेपेत असं प्रथिन सापडलं की ते माणसाच्या कुठल्याच यादीत बसेना. बर्वे सर हरखले. पुण्याहून आलेले, हुशार, पण स्वभाव पी हळद अन् हो गोरी. मी मात्र अस्वस्थ. दोन दिवस शोधलं तेव्हा मेंढी निघाली. मशीनच्या खोलीत एसीमुळे हुडहुडी भरायची म्हणून मी आईनं विणलेला लोकरीचा स्वेटर घालायची. त्याचेच धागे नमुन्यात उडाले होते. "बाई, तुमच्या स्वेटरवर पेपर छापू या का?" सरांनी विचारलं. तेव्हापासून मी त्या खोलीत कुडकुडत काम केलं.

रक्त देणारेही एकेक वल्ली. उपाशी पोटी या म्हणून सांगितलेलं असायचं. रमजानच्या दिवसांत एक गृहस्थ आले, त्यांचं सीरम काढलं तर दुधासारखं पांढरंफेक! त्यात तुपाशिवाय काही दिसेना. विचारलं तर म्हणाले, "हलीम तो रात को खाया मॅडम, सुब्बू से रोजाच है." सिकंदराबादचे एक निवृत्त रेल्वे गार्ड निरोगी माणूस म्हणून रक्त देऊन गेले आणि पुढे वर्षभर फोन करत राहिले, "मॅडम, मेरा खून कौनसे टेशन पे पहुंचा?" मी म्हणायची, "आउटरला उभं आहे काका, सिग्नल मिळाला नाही." त्यांना तो खुलासा पुरेसा वाटायचा. खरं म्हणजे तो अगदी अचूक होता.

आता ती गोष्ट.

शेवटच्या काही वर्षांत आम्ही अंडाशयाच्या कर्करोगामागे लागलो होतो. हा आजार लबाड. पोट जरा फुगतं, भूक मंदावते, बायका ओवा खातात आणि कामाला लागतात. कळतं तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यातले डॉ. वेंकट आमच्याबरोबर होते. ते शस्त्रक्रिया करणारे, भला माणूस, तरुण बायका डोळ्यांदेखत जाताना बघून बघून कावलेला. आजारी बायकांचं रक्त त्यांच्या ओपीडीतून यायचं. निरोगी बायकांचं आम्ही आमच्याच संस्थेत शिबिर भरवून घ्यायचो. आणि खूण सापडली. एक नाही, चार-पाच प्रथिनांचा जुडगा. आजारी बायकांत सगळी वर, निरोगी बायकांत सगळी खाली. कागदावर आलेख काढला तर दोन गट असे वेगळे पडले की बर्वे सरांनी अख्ख्या मजल्याला पेढे वाटले. पेटंटवाल्यांशी बोलणी सुरू झाली.

निरोगी गटातली एकच बाई तिकडे, आजारी बायकांत जाऊन बसली होती. आमच्याकडे नावं नसतात, नुसते सांकेतिक आकडे. कोण आहे ते डॉक्टरांना विचारलं तर कळलं की ती एका रुग्णाची धाकटी बहीण. सर म्हणाले, "बघा! हिच्यात आजार अजून दिसत नाही, पण आपल्या खुणेनं आधीच ओळखला." डॉ. वेंकटनाही तेच वाटलं.

मला काय वाटलं? मलाही तेच वाटलं. आनंद झाला. फक्त रात्री झोप लागली नाही, आणि ती आनंदानं नव्हे.

पुढच्या आठवड्यात गेटवरच्या वॉचमनचा फोन आला. एक बाई आली आहे, तिचं रक्त इथे ठेवलंय म्हणते, हलत नाही. दख्खनी बोलणं बर्वे सरांच्या डोक्यावरून जायचं, म्हणून असलं काही आलं की मलाच पाठवायचे. मी खाली गेले. तिशी ओलांडलेली बाई, बुरख्याची बाही कोपरापर्यंत सरकवलेली, बोटांना सुया टोचल्याच्या खुणा. शबाना तिचं नाव. कोठी भागातल्या एका गल्लीत ब्लाउज शिवायची. तिची मोठी बहीण रेहाना डॉ. वेंकट यांची रुग्ण होती.

"मॅडम, मेरा खून आपकेच पास है ना?"

"हौ. क्या हुआ?"

"डाक्टर साब बोले, मेरे खून में बी आपा के सरीकाच निकला. अगले हफ्ते ऑपरेशन रखे. दोनों बाजू का निकाल देते बोले." तिचा आवाज सरळ होता, पाठ केलेला धडा म्हणावा तसा. "उसके बाद बच्चे नई होते बोले. शादी कू चार साल हुए मॅडम, अबी तक कुछ नई. मैं मना नई कररी. आपा कू देखरी ना मैं रोज. मेरेकू खाली इत्ता बताओ, पक्कीच बात है क्या?"

आमचा नियम असा की रक्त देणाऱ्याला संशोधनातलं काही सांगायचं नाही, कारण ते अजून सिद्ध झालेलं नसतं. डॉक्टरांनी तो मोडला होता. तिला वाचवायच्या घाईनं मोडला होता, हे मला कळत होतं. तरी राग आला. आणि राग कुणावर काढावा ते कळेना. पक्की बात आहे का? मी पेढा खाल्ला होता त्या बातेचा.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "आप का खून कहां लिये थे? हमारे इधर के कॅम्प में?"

"नई मॅडम, दवाखानेमेंच. आपा की सुई चलरी थी, मैं बाहर बैठी थी, सिस्टर बोले तुम बी देदो."

"फिर ट्यूब कब लेके गए?"

"किन्ने?" ती हसली. "उधरीच पड़ी थी टेबल पे, सबके साथ. गाड़ीवाला नई आया था. दोपर हुई, जोहर की अज़ान हुई, मैं नमाज पढ़ के बी आगई, तब बी पड़ी थी. मैं सोंची गर्मी में पक तो नई जाएगी."

मला त्या क्षणी उभंही राहवेना. तिला माझा निरोप येईपर्यंत थांब म्हटलं, आठवडाभर तरी लागेल हेही सांगितलं, आणि जिन्यावरून जवळजवळ पळतच वर गेले.

रक्त गोठतं तेव्हा त्यातल्या चपट्या, अगदी बारीक पेशी फुटतात आणि त्यांच्या पोटातलं सगळं पाण्यात सांडतं. त्या पेशींना प्लेटलेट म्हणतात, डेंगीच्या साथीपासून हा शब्द आता घराघरांत गेला आहे. नळी जितका जास्त वेळ पडून राहील, खोली जितकी गरम असेल, तितकं जास्त सांडतं. आमच्या शिबिरात फिरवायचं यंत्र बाजूच्याच खोलीत. निरोगी बायकांची नळी ठरल्या वेळेत फिरायची. दवाखान्यातल्या नळ्या सकाळी भरायच्या आणि गाडी यायची तेव्हा निघायच्या. निरोगी गटातली एकट्या शबानाचीच नळी त्या ढिगात होती. यादी पुन्हा उघडून पाहिली. आमच्या जुडग्यातली बहुतेक प्रथिनं प्लेटलेटच्या पोटातली निघाली. ही गोष्ट मला माहीत नव्हती का? होती. सरांना? होती. अशी प्रथिनं कर्करोगातही वाढतात असं आम्ही पेपरात लिहिलंही होतं. साप साप म्हणून भुई धोपटत होतो आणि काठीच्याच आवाजाला साप समजत होतो.

"सर, आपण आजार मोजलेला नाही. गाडीची वाट पाहणं मोजलंय," मी म्हटलं.

बर्वे सरांनी यादी स्वतः वरपासून खालपर्यंत वाचली. मग म्हणाले, "ही तुमची नुसती शंका आहे, बाई."

"हौ. म्हणून तपासू या."

हातच्या कांकणाला आरसा कशाला? दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाही वर केली. मजल्यावरच्या आणखी पाच बायकांना पकडलं, धडधाकट, नाश्त्याला इडली हाणणाऱ्या. प्रत्येकीचं रक्त चार नळ्यांत घेतलं. एक नळी वेळेत फिरवली. बाकीच्या खिडकीजवळच्या टेबलावर, एसी बंद करून ठेवल्या आणि थोड्या थोड्या वेळानं एकेक फिरवत गेलो. उन्हाळा होताच. मग मशीन. मशीनला घाई नसते. शबानाच्या ऑपरेशनचा दिवस मात्र जवळ येत होता. त्या दिवसांत मी व्हरांड्यात इतकी चालले की चपलेचा अंगठा तुटला. नवरा म्हणाला, जेवायला तरी बस. उभ्यानंच जेवले.

आलेख आला. सकाळी मी निरोगी होते. दुपारच्या नळीत मला कर्करोग होता. आम्हा सहाही जणींना होता.

सरांनी सगळं पुन्हा करायला लावलं. केलं, आणि तेच आलं. मग त्यांनी चष्मा काढला आणि कितीतरी वेळ पुसत बसले. तीन वर्षांचं काम होतं त्यांचं. मला वाटलं आता ते काहीतरी मधली वाट काढतील, कारण मधली वाट नेहमी सापडते. पण त्यांनी पेटंटवाल्यांना फोन लावला आणि दोन वाक्यांत सांगून टाकलं. त्या माणसाला मी घाईबद्दल खूप हसले आहे. त्या फोनसाठी माझा त्यांना नमस्कार आहे.

डॉ. वेंकट मात्र भडकले. "खूण चुकली असेल, पण तिची बहीण मरते आहे. घरातच आजार असेल तर? काढून टाकणं चूक कसं?" त्यांचं म्हणणं वेडगळ नव्हतं, हाच तर त्रास होता. मी म्हटलं, घरात आहे का ते पाहायची सरळ चाचणी आहे. आधी रेहानाचं जीन तपासा, त्यात दोष निघाला तर शबानाचं, आणि मग काय काढायचं ते तिला ठरवू द्या. आमच्या आकड्यावर नको. शेवटी त्यांनी ऑपरेशन रद्द केलं. तिला कळवायचं कुणी, यावर दोन दिवस टोलवाटोलवी चालली, आणि मग मीच कोठीला गेले. नियमात बसत नव्हतं. बसवत कोण होतं?

दुकान म्हणजे जिन्याखालचा कोनाडा. शबाना शिलाई मशीनवर होती, आणि मागे गादीवर रेहाना पडलेली. मी सगळं सांगितलं, नळीचं, गाडीचं, माझ्या स्वतःच्या रक्ताचं. ती ऐकत होती आणि पाय पायट्यावर तसाच ठेवला होता.

"तो मेरेकू नई है?"

इथे हो म्हटलं असतं तर किती सुखात सुटले असते! "वो मेरेकू नई मालूम," मी म्हटलं. "इत्ताच मालूम कि हमारा हिसाब गलत था. है या नई, वो दूसरी जांच से मालूम होता. आपा का खून देना पड़ता, फिर आप का."

मला वाटलं रडेल. ती चिडली. "पयले डर दिये. अब डर बी वापस ले लिये. बदले में क्या देरे आप? फिर से खून मांगरे!" तिनं पायटा दाबला आणि मशीन सुरू केलं. "नक्को मॅडम. अब किसीकू खून नई देती मैं."

रेहानाची चाचणी झाली. दोष निघाला. म्हणजे शबानात तो असण्याची शक्यता निम्मी, छापा की काटा. समुपदेशक बाईंनी बोलावलं, डॉक्टरांनी निरोप धाडले. ती गेली नाही. पुढच्या वर्षी रेहाना वारली. तिची मुलगी नाझिया शबानाकडेच राहायला आली.

आमची संस्था सुधारली, हे सांगितलं पाहिजे. फिरवायचं यंत्र दवाखान्यातच नेऊन ठेवलं, दोन्हीकडच्या नळ्या आता सारखाच वेळ थांबतात. या चुकीवर आम्ही पेपरही लिहिला. काय सापडलं नाही ते छापायला कुणी फारसं उत्सुक नसतं, तरी कुठेतरी कोपऱ्यात छापून आला. पण माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत राहिली. आमच्या खोट्या आकड्यानं त्या बाईचा खऱ्या चाचणीवरचाही विश्वास घालवला होता. खोटं उघड करणं माझं काम होतं, ते मी केलं, चोख केलं. आणि त्या चोख कामापायी एक बाई मरू शकत होती.

म्हणून मी ब्लाउज शिवायला टाकू लागले. माझ्या वयाच्या बाईला लागतात किती? कपाट भरलं. सुनेला दिले, तिनं आईला दिले. दर वेळी मी शबानाचा चेहरा न्याहाळायची, पोट बघायची, भूक लागते का, थकवा येतो का असं आडून आडून विचारायची. मधल्या काळात तिला मुलगी झाली. पोट वाढलेलं पाहिलं तेव्हा पहिले काही आठवडे माझा जो जीव टांगणीला लागला, ते कुणाला सांगण्यासारखं नाही. बारशासारखं काही असतं का विचारलं तर तिनं अकीक्याला बोलावलं. गेले, पोटभर जेवले, तरी चाचणीचा शब्द तोंडातून काढायची हिंमत झाली नाही.

यंदाच्या उन्हाळ्यानंतर पुन्हा एक खण घेऊन गेले. तिनं माप घ्यायला टेप उचलली आणि परत खाली ठेवली.

"मॅडम, आप ब्लाउज कू नई आते. मेरेकू देखने आते."

"हौ," मी म्हटलं. आता काय लपवायचं?

"मालूम है मेरेकू. पयले ब्लाउज से मालूम है." तिनं आत वळून पाहिलं. नाझिया शबानाच्या लेकीच्या वेण्या घालत होती. कॉलेजात जाते आता, आईसारखीच उंच. "इसके रिश्ते आरे. इसकू बी पूछना पड़ता ना, कि इसमें है क्या? मैं बोली तो बोलती, खाला तुम तो दिये नई, मैं कायकू दूं?"

मी खण परत पिशवीत घातला.

"मैं पयले देती उसके सामने. फिर वो अपना सोंच लेंगी. आप साथ चलते?" आणि मग दटावल्यासारखं म्हणाली, "ट्यूब पे नजर आप रखना. वो लोगां का भरोसा नई मेरेकू."

परवा आम्ही गेलो. समुपदेशक बाईंनी आधी दोघींना समोर बसवून सगळं समजावलं. दोष निघाला तर काय, नाही निघाला तर काय, कशाची घाई आहे आणि कशाची नाही. शबानानं सगळे प्रश्न विचारले, मी नुसती खुर्चीच्या कडेवर. मग तिनं हात पुढे केला, नाझिया बघत होती. सिस्टरनं नळी भरली, नाव चिकटवलं आणि टेबलावरच्या स्टँडमध्ये ठेवली. न्यायला येणारा माणूस अजून यायचा होता.

या चाचणीत जीन बघतात, प्रथिन नव्हे. नळी दिवसभर टेबलावर राहिली तरी त्यात काही बिघडत नाही. हे मला पुरतं ठाऊक आहे. शबाना दोनदा म्हणाली, "बैठो ना मॅडम, आराम से." तो माणूस येऊन नळी घेऊन जाईपर्यंत मी त्या टेबलापाशी उभी राहिले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच जागची हलले नाही.